कवडी स्टुडिओची चौकशी

आमच्या घरात लग्न जमवायचं म्हटलं की पत्रिका स्वामींकडे जाते, फोटो बायकांकडे जातो आणि चौकशी माझ्याकडे येते.

मी गौरीशंकर. मुरुमच्या बाजारात शंभुलिंग आडत्यांचं दुकान विचारा, कुणीही दाखवील. ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, उमाक्काचे मालक. माझं स्वतःचं लग्न राहून गेलं आणि मी अक्काच्या घरीच राहिलो. तूर-उडदाच्या पोत्यांवर देखरेख करतो, पाहुण्यांना स्टँडवर सोडतो, देवघरातला बल्ब गेला तर बदलतो. असली कामं कुणीही करील. पण या घरात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही ते चौकशीमुळे.

चौकशी म्हणजे नुसती विचारपूस नव्हे. मुलाच्या गावी जायचं, पण त्याच्या घरी जायचं नाही. आधी न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं. दाढीला साबण लागला की पावसाचं बोलायचं, मग तुरीच्या भावाचं, आणि मग सहज, "इथं अमके गुरुजी ऱ्हातेत नव्हं?" वस्तरा तसाच चालत राहिला तर घर चांगलं. वस्तरा थांबला तर काहीतरी आहे. मग किराणा दुकान, मग चहाची टपरी, मग समोरच्या घरातली दारात तांदूळ निवडत बसलेली बाई. परत आलो की ओसरीवर चप्पल काढता काढता मी एकच वाक्य बोलतो, "करण्यासारखं हाय," किंवा "जाऊ द्या." त्यावर दाजी उलट प्रश्न करत नाहीत. आमच्या भावकीतली निम्मी लग्नं माझ्या त्या एका वाक्यावर उभी आहेत, हे मी नाही, लोक म्हणतात.

तर असा मी, आणि भाचीच्या वेळेलाच माझं डोकं चालेना.

भाची श्रीदेवी. उमरग्याला रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, रोज एसटीनं ये-जा करते. तिशीला टेकली. बैठका इतक्या झाल्या की शेवटी शेवटी ती साडी नेसून यायची, बसायची, उठायची आणि नंतर कुणाला काही विचारायचीसुद्धा नाही. मग नळदुर्गच्या शिवानंद गुरुजींच्या मुलाचं, विरेशचं स्थळ आलं. हल्ली आधी फोनवर बोलू देतात, तसं या दोघांना बोलू दिलं. दुसऱ्या दिवशी अक्का मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "गौऱ्या, पोरगी फोनवर हसलालती रे."

"मग?"

"मग काय मग! किती वर्सांनी हसली. हे हातचं जाऊ देऊ नगंस."

घराची चौकशी मी एका दुपारीच उरकली. वस्तरा कुठंही थांबला नाही. पण मुलाची नोकरी काय, ते न्हाव्याला सांगता येईना, किराणावाल्याला सांगता येईना. "पुण्यात काहीतरी गेम बनिवतंय," एवढंच. पत्रिकेसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, कवडी स्टुडिओ. दाजींनी चष्मा वर करून विचारलं, "फोटो काढतंय का?" म्हटलं, नाही, गेम. "मग ह्यो स्टुडिओ चांगला का वाईट? धा जनांत कितवा? तेवढं पक्कं करा. सोमवारी बैठक हाय."

मी म्हटलं, करतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसून जे कळत नाही ते मला दुसरीकडून काढून घेता येईल असा माझा समज होता.

आमच्या आडतीच्या मागच्या गल्लीत उत्कर्ष नावाचा गडी आहे. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप, पण धंदा काय, तर टीव्हीला कन्सोल लावून लोकांना तासावर गेम खेळायला द्यायचे. मी कवडीचं नाव काढल्यावर तो असा खूश झाला की जणू त्याच्याच घरची सोयरीक जुळत होती.

"मामा, बसा. हे यंत्र बगा. हे झेनुका कंपनीचं. कवडी हाय ती झेनुकाच्या घरचा स्टुडिओ."

"घरचा म्हंजे?"

"झेनुका म्हंजे बाप समजा. यंत्र बाप बनिवतो, आन् त्येच्यावर चालायचे गेम त्येची पोरं बनिवतेत. ही पोरं दुसऱ्याच्या यंत्राला गेम देत न्हाईत."

"घरचं दूध घरच्याच डेअरीला."

"तसंच की."

इथपर्यंत ठीक होतं. मी विचारलं, "पोरं किती?" उत्कर्षनं बोटं मोजायला घेतली. कॅनडातला लढाईवाला, जपानमधला गाड्यांच्या शर्यतीवाला, स्वीडनमधला भुताखेतांचा. मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मग म्हणाला, "ते नक्की न्हाय मामा. एक बंद केला का चालू हाय म्हाईत न्हाय. आन् दोन एकात मिसळले म्हनं."

"बापाला तरी म्हाईत हाय का?"

तो हसला, पण मी चेष्टेनं विचारलं नव्हतं. पुढं ऐकलं तर यातली काही पोरं बापाच्या पोटची, म्हणजे कंपनीनं स्वतः सुरू केलेली; आणि काही नंतर पैसे मोजून आणलेली. कवडी ही आणलेली. पुण्यातल्या चार मुलांनी सुरू केली, त्यातला एक तुळजापूरचा, म्हणून कवडी हे नाव. पुढं झेनुकानं ती घेतली.

"म्हंजे दत्तक," मी म्हटलं.

"दत्तकच. पन आता घरचीच."

दत्तकाला पोटच्यासारखंच वागवतात का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. चौकशी मुलाची चालली होती.

मग उत्कर्षनं नंबरांचे व्हिडिओ लावले. उलटी टोपी घातलेला एक माणूस झेनुकाचे सगळे घरचे स्टुडिओ एकाखाली एक लावत होता. त्यात कवडी पहिली! मी मांडीवर थाप मारली, म्हटलं झालं काम. उत्कर्ष म्हणाला, थांबा. दुसऱ्या व्हिडिओत एक चष्मेवाली बाई होती. तिथं कवडी शेवटून पहिली. तिसऱ्यानं तर कवडीला धरलंच नव्हतं. म्हणे, अजून एकच गेम केलाय, लेकरू लहान आहे.

"आरं, पन नंबर लावला कशावर?"

"ह्येनं बक्षिसं बगितली. हिनं खप बगितला. त्येनं काय बगितलं ते त्येलाच म्हाईत."

"आन् तू कितवा लावतूस?"

"शेवटचा," उत्कर्ष लगेच म्हणाला. "लई हळू गेम हाय मामा. माज्याकडं पोरं येतेत, पैशे देतेत, त्येंला काईतरी फोडायला पायजे."

दहावीच्या निकालात एकच पोरगं एका फळ्यावर पहिलं आणि दुसऱ्या फळ्यावर नापास असतं तर लोकांनी शाळेला कुलूप घातलं असतं. इथं कुणाला त्याचं काहीच नव्हतं. जो तो आपापला फळा घेऊन बसला होता आणि व्हिडिओखाली हजारो लोक एकमेकांच्या आयमायचा उद्धार करत होते. मला राग आला. या सगळ्यांत एकालाही ठामपणे "करण्यासारखं हाय" म्हणता येऊ नये?

"लाव तो गेम," मी म्हटलं. "म्याच बगतो."

उत्कर्षनं गेम चालवायचं बटणांचं यंत्र माझ्या हातात दिलं आणि कुठला अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. टीव्हीवर देवीची एक आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. समोर आपल्याच भागातल्यासारखं काळ्या दगडांच्या घरांचं गाव. ती बाई दारोदार जायची, दारात उभी राहायची, जोगवा मागायची. कुणी दार उघडून पीठ घालायचं, कुणी मीठ, कुणी आतूनच "पुढं जा" म्हणायचं. एक म्हातारा दार उघडून नुसताच आपल्या गेलेल्या लेकीचं बोलत बसला.

"ह्येच्यात जिंकायचं कसं?"

"जिंकायचं न्हाय मामा. दारात उभं ऱ्हायचं."

 माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या दारांत उभं राहण्यात गेला आणि पुण्यातल्या पोरांनी त्याचा गेम करून ठेवला होता. गावाच्या टोकाला एक निळं दार होतं. आत दिवा दिसत होता, भांड्यांचा आवाज येत होता. मी बाईला तिथं उभं केलं. दार उघडेना. मी हललो नाही. म्हटलं, आत माणूस आहे तर उघडेल. उत्कर्ष बाहेर जाऊन चहा घेऊन आला तरी मी तिथंच.

"ते उघडत न्हाय मामा. ह्या दारामुळंच त्या टोपीवाल्यानं कवडीला पैला नंबर दिला. म्हनतो, लई खोल हाय."

"काय खोल हाय?"

"ते मलाबी न्हाय कळलं."

मी दोन मनांनी बाहेर पडलो. गेम चांगला होता का? मला रडू येत होतं, म्हणजे चांगला असणार. पण रडायला कोण पैसे देतं? आणि मला दाजींना सांगायचा होता एक आकडा.

शेवटी मी माझा नियम मोडला. रविवारी विरेश गावी आला आहे असं कळल्यावर नळदुर्गला गेलो आणि न्हाव्याकडे न जाता सरळ मुलाच्या दारात उभा राहिलो. गुरुजी कुठं तरी लग्नाला गेले होते. विरेशनं स्वतः चहा केला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा मुलगा. कप ठेवतानासुद्धा आवाज करणार नाही असा.

मी आडवळणानं आलो. पाऊस, तूर, रस्ता. मग म्हटलं, "तुमचा स्टुडिओ म्हनं झेनुकाच्या घरच्या सगळ्यांत एक नंबर हाय."

आजवर मी जितक्या मुलांना भेटलो त्यातल्या कुणीही अशी संधी सोडलेली नाही. कारकून असला तरी साहेब आपल्याला विचारून सही करतो म्हणून सांगतो. विरेश म्हणाला, "नाही मामा. मी लावला तर आमचा नंबर शेवटचा लागंल."

मला वाटलं, मी नीट विचारलं नाही. "शेवटचा?"

"लोकांनी कौतुक लई केलं. खेळला थोड्यांनीच. अर्ध्यात सोडून देतात. कॅनडावाल्यांचं काम बघितलं की मला रात्री झोप लागत नाही, इतकं चांगलं असतं. आमचं अजून कच्चं हाय."

"तुमचं त्यात काम काय?"

"दारं. दार कसं उघडतं, कडीचा आवाज, आतला उजेड बाहेर कसा पडतो. ती सगळी दारं माझी."

"मग ते निळं दार? गावाच्या टोकाचं?" मी पुढं सरकलो. "ते उघडत न्हाय. लोक म्हनतेत लई खोल हाय."

विरेशचे कान लाल झाले. "ते खोल बिल काही नाही मामा. ती माझी चूक हाय. ते दार उघडायचं होतं. आत एक बाई हाय, ती आराधणीला घरात बोलावते, जेवायला वाढते. सगळं बनवलेलं हाय. माझ्याकडून कुठं तरी काहीतरी राहिलं आणि दार अडकलं. दुरुस्त करायच्या आत लोकांनी त्याच्यावर लेख लिहिले. मग वरच्यांनी सांगितलं, आता हात लावू नको."

 ज्या दारामुळं पहिला नंबर लागला ते दार म्हणजे चूक, आणि ती चूक ज्याची तोच मुलगा सोयरिकीच्या माणसासमोर बसून सांगतो की आमचा नंबर शेवटचा. हा मुलगा सरळ आहे की बावळट? सरळ असेल तर संसारात टिकेल का? बावळट असेल तर श्रीदेवी हसली कशी? परत येताना एसटीत माझं डोकं नुसतं गरगरत होतं, आणि गाडी खड्ड्यांतून चालली होती म्हणून नव्हे.

घरी आल्यावर दाजींनी विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "बैठकीत सांगतो." असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. दाजींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

श्रीदेवीला मात्र दाराची गोष्ट सांगितली. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. ऐकून ती हसली. "आत जेवायला वाढून ठेवलंय," ती म्हणाली, "आन् तुमी बाहेर हुबे होता मामा?"

"व्हय. लई वेळ."

सोमवारी सकाळी ओसरीवर सतरंज्या घालत होतो तेवढ्यात उत्कर्षचा फोन आला. "मामा, कवडी गेली. झेनुकानं बंद केली. आत्ताच बातमी आली."

"आरं, घरचीच होती ना?"

"घरचीच की. तरी केली."

 श्रीदेवीसाठी वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं माझ्यासाठीही वाटलं. घरचा म्हणजे काय, या प्रश्नावर मी इतकी वर्षं मुद्दाम पांघरूण घालून ठेवलं होतं. अक्काचं घर, माझी खोली, माझं ताट. ते सगळं माझं कशावर, तर मी माहिती काढून आणतो यावर. आणि आज मला काहीच कळत नव्हतं.

अक्काला सांगावं तर तिनं पुरणाचा घाट घातला होता. दाजींना सांगावं तर गाडी दारात आलीच. शिवानंद गुरुजी उतरले, विरेशची आई, एक काका, शेवटी विरेश. डोळे तांबारलेले. गुरुजी हसतमुख होते. म्हणजे बापाला पत्ता नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. सुपारी, हळदकुंकू तबकात तयार होतं. दाजींनी पटका नीट केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्यात चौकशी गौरीशंकर करतेत. त्येंनी सांगितलं की आमी पुढं बोलतो. सांगा गौरीशंकर, पोराचा स्टुडिओ कितवा?"

माझं तोंड उघडायच्या आत विरेश बोलला. "मामांना सांगायला लावू नका. आमचा स्टुडिओ आज सकाळी बंद झाला. कालपर्यंत होता. आता माझ्याकडं नोकरी नाही."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "विऱ्या, काय बोललालास!" काका उठून उभे राहिले. विरेशची आई पदर तोंडाशी धरून बसली. दाजी विरेशकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"ह्यो त्या कंपनीच्या घरचा हाय म्हनं सांगितलं होतं."

"घरचाच होता," मी म्हटलं.

"मग घरचं कुनी बंद करतंय व्हय?"

  स्वयंपाकघराच्या दारात अक्का उलथणं हातात घेऊन उभी होती आणि तिच्या मागे श्रीदेवी.

"बोला गौरीशंकर. करण्यासारखं हाय का जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्या" म्हणणं फार सोपं होतं. तेवढं म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती; गौरीशंकरला आधीच वास आला होता, म्हणून बैठकीपर्यंत बोलला नाही, असं लोक म्हणाले असते. मी विरेशकडे बघितलं. तो माझ्याकडे आशेनं बघत नव्हता. नुसता बघत होता, त्या दाराविषयी सांगताना बघत होता तसा.

"दाजी," मी म्हटलं, "मला न्हाय कळलं."

"काय न्हाय कळलं?"

"काईच न्हाय कळलं. एक म्हनतो पैला, एक म्हनती शेवटचा. पोरगं सोता म्हनतंय शेवटचा. आन् आता तर ते दुकानच उठलं. म्या इतक्या चौकश्या केल्या, पन ह्येच्यात माजं डोकं चालंना. तुमी मला इचारू नगा."

 वाटलं, झालं. आता हा माणूस घरात कशाला, असं उद्या कुणी म्हटलं तर बोलायला जागा नाही.

श्रीदेवी अक्काला बाजूला करून बाहेर आली. बैठकीत मुलीनं असं मधेच येणं आमच्यात नाही. ती तबकाशी येऊन उभी राहिली आणि तिनं विरेशला विचारलं, "आता पुढं काय करनार तुमी?"

"माहीत नाही," विरेश म्हणाला. "काम शोधीन. मिळंल का, कधी मिळंल, माहीत नाही."

"आन् ते दार?"

"ते आता राहिलंच."

 श्रीदेवी बापाकडे वळली. "अप्पा, ह्या वसरीवर किती बैठका झाल्या. परत्येकाला सगळं म्हाईत होतं. पगार म्हाईत, बढती म्हाईत, पुण्यात फ्लॅट कुठं घ्यायचा ते म्हाईत. माज्यात काय कमी हाय तेबी त्येंलाच म्हाईत. मला कितवा नंबर दिला तेवढं सांगून जायचे. आज पयल्यांदा दोन मानसं म्हनली, म्हाईत न्हाय. एक मामा आन् एक हे." तिनं तबक बापाकडे सरकवलं. "मला ह्येंच्यासंगं चालंल. माजी नोकरी हाय. तुमी सुपारी फोडा."

 गुरुजींनी डोळे पुसले. विरेशची आई तर उघडच रडत होती. विरेश खाली मान घालून सतरंजीचा काठ सरळ करत होता, जो आधीच सरळ होता.

दाजींनी तबकाकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं असं मी म्हणणार नाही; त्या दिवशी मला काही कळत नव्हतंच. मग त्यांनी सुपारी आणि बत्ता उचलला आणि माझ्यासमोर धरला. आजवर आमच्या घरातली प्रत्येक सुपारी दाजींनी स्वतः फोडली आहे.

"म्या?" मी म्हटलं. "मला तर काईच सांगता आलं न्हाय."

"म्हनूनच काय तुमी घरचे न्हाईत व्हय?" दाजी खेकसले. "फोडा. पुरनपोळी थंड व्हलालीय."

मी बत्ता हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं, सुपारी नीट दिसेना. पहिला घाव जमिनीवरच बसला.